जबडा-हनुवटीच्या ऑपरेशननंतर ओठ बधिर: कुणाला अनुभव आहे का?

कोरांटी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतीच वाचतेय, पहिला धागा काढायची वेळ आली ती ही अशी. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

वय ३१, मुक्काम पुणे. चार महिन्यांपूर्वी खालचा जबडा पुढे घ्यायचं आणि हनुवटीचं, अशी दोन्ही ऑपरेशनं एकाच वेळी करून घेतली. त्याआधी दीड वर्ष ब्रेसेस. दात थोडे चुकीचे बसायचे हे खरं आहे, पण तेवढ्यासाठी मी काही ऑपरेशन टेबलवर चढले नसते. केलं ते चेहऱ्यासाठी, उगाच का लपवू. बाजूने काढलेला माझा एकही फोटो मी आजवर ठेवलेला नाही. मैत्रिणींच्या लग्नांच्या अल्बममधूनसुद्धा काढायला लावलेत.

दिसायला झालंय छान, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की खालचा ओठ आणि हनुवटी माझी आहे असं मला वाटतच नाही. दाताच्या डॉक्टरांनी भूल दिल्यावर ओठ कसा जाड, परक्याचा वाटतो? तसा, पण चार महिने. डावीकडे ठार बधिर, उजवीकडे कुठे कुठे कळतं. जीभ ठीक आहे, चव ठीक आहे.

वरणभात खाताना हनुवटीवरून वरण ओघळलं तर ते मला समोरच्याच्या नजरेवरून कळतं. त्यामुळे ऑफिसात जेवताना मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून तो पेल्याला टेकवून ठेवते. लोकांना वाटतं मी रील बनवतेय. मागच्या आठवड्यात चहाने ओठ पोळला. कळलं कधी, तर संध्याकाळी फोड आल्यावर.

डॉक्टर म्हणतात, "येईल हळूहळू, वर्षभर धरा." बी१२च्या गोळ्या चालू आहेत. संमतीपत्रात एक ओळ होती, "ओठ व हनुवटीस तात्पुरता अथवा कायमचा बधिरपणा येऊ शकतो." वाचूनच सही केली होती. तेव्हा मनात आलं, बधिर म्हणजे दुखणार नाही, मग बरंच की! इतकी मी हुशार.

घरी बोलायची सोय नाही. आई एकदाच म्हणाली, "देवाने दिलेलं धड होतं ना?" त्यानंतर तिने विषय काढला नाही आणि मीही नाही. कुणी यातून गेलंय का? कधी आलं, कसं आलं, आणि नाहीच आलं तर काय करायचं?


खवट_चकली

धडधाकट जबडा पैसे मोजून कापून घ्यायचा आणि मग ओठ बधिर झाला म्हणून विचारत फिरायचं. कमाल आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.


शेंडा_आणि_राग

चकलीकडे लक्ष देऊ नका, ती प्रत्येक धाग्यावर पहिल्या दहा मिनिटांत तळून तयार असते.

माझं प्रकरण नाकाचं. तीन वर्षांपूर्वी राइनोप्लास्टी, सोबत आतला पडदाही सरळ केला. शेंडा दगड झाला होता. सर्दी झाली की नाक वाहतंय हे रुमालाला कळायचं, मला नाही. त्याहून विचित्र म्हणजे वरचे पुढचे दोन दात. पेरूचा लचका तोडायला गेले तर जणू दुसऱ्याच्या दातांनी खातेय. कुणी सांगितलंच नव्हतं की नाकाच्या ऑपरेशनने दात बधिर होऊ शकतात. भावाच्या लग्नात चापाची नथ घातली, ती कधी निसटून खांद्यावर आली पत्ता नाही. सगळ्या ग्रुप फोटोत नथ पदराला अडकलेली आहे.

दात सहा-सात महिन्यांत आले. शेंडा यायला वर्ष लागलं. आधी खाज, मग थंडी, मग स्पर्श, असा क्रम होता. निदान माझा तरी.


दंतमंजन

मुखशल्यचिकित्सा हाच माझा रोजचा धंदा, नागपुरात. कोरांटीताई, तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा आणि तुमच्या डॉक्टरांशी बोला.

चेहरा हलवणारी नर्व्ह वेगळी आणि चेहऱ्यावरचं कळवणारी वेगळी. मेंदूतून निघणाऱ्या नर्व्हना आम्ही आकड्यांनी ओळखतो: हलवते ती सातवी, कळवते ती पाचवी. तुम्हाला शिट्टी वाजवता येते, ओठ दोन्हीकडे सारखा खाली ओढता येतो? मग सातवी ठीक आहे. तुमचं भांडण पाचवीच्या एका फांदीशी आहे.

ही फांदी खालच्या जबड्याच्या हाडात मागून शिरते. हाडात तिचा बोगदा आहे. दाढांच्या मुळांखालून ती पुढे येते, उपदाढांच्या खाली एका भोकातून बाहेर पडते आणि ओठ-हनुवटीत पसरते. खालची दाढ काढताना आम्ही भूल देतो ती हिलाच, बोगद्यात शिरायच्या आधी. म्हणून इंजेक्शन मागे दाढेपाशी आणि बधिर होतो पुढचा ओठ.

आता जबडा पुढे घ्यायचा म्हणजे काय करतात, तर तुरीची शेंग उकलावी तसं मागच्या बाजूचं हाड लांबीत उकलतात, आतला दोरा न तोडता पुढची फळी सरकवतात आणि स्क्रू-पट्ट्यांनी बसवतात. ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी १९५७ मध्ये ही पद्धत मांडली, १९६१ मध्ये दाल पाँत यांनी काप थोडा पुढे आणला, आणि तपशील बदलले तरी मूळ कल्पना आजही तीच आहे. शेंग उकलताना दोरा एका फळीला चिकटलेला निघाला की तो सोडवावा लागतो. हनुवटीचा काप त्या भोकाच्या खालून जातो, पण तिथेही बाहेर पडलेली नर्व्ह बाजूला ओढून धरावी लागते. तुमची दोन्ही कामं झालीत. एकाच दोऱ्याला दोन जागी हिसका बसलाय. या ऑपरेशननंतर सुरुवातीला बधिरपणा बहुतेकांना असतो. काहींचा पूर्ण जातो, काहींना थोडा राहतो. वय कमी असेल तर येण्याची शक्यता जास्त, तुमचं ३१ वाईट नाही.

हिसका किती बसला यावर पुढचं सगळं. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डला जखमी सैनिकांच्या नर्व्ह तपासणाऱ्या हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये तीन पायऱ्या सांगितल्या, त्या अजून वापरतो. पहिली, नर्व्ह नुसती दबलेली. ही काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत उठते. दुसरी, आतले तंतू तुटलेत पण बाहेरची नळी शाबूत आहे. तंतू त्याच नळीतून पुन्हा वाढत येतात. तिसरी, नळीसकट तुटलेली. ही आपली आपण जुळत नाही.

दुसऱ्या पायरीचा हिशेब करून बघा. तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. (नखाच्या दहापट वेग आहे, हसू नका.) जबड्याच्या कोपऱ्यापासून ओठापर्यंत ७-८ सेंटिमीटर धरले तर नुसता प्रवासच ७०-८० दिवसांचा. त्याआधी तुटक्या टोकापुढचा जुना भाग झडून साफ व्हावा लागतो. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नर्व्ह कापून हे दाखवलं होतं. आणि पोचल्यावर कातडीत जोडण्या व्हायच्या, त्याला आणखी वेळ. म्हणून चार महिन्यांना 'आलं नाही' म्हणत नाहीत, 'वाटेत आहे' म्हणतात. पण वाटेत आहे की नाही हे मोजून बघायला हवं, नुसतं विचारून भागत नाही.

तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना नकाशा काढायला सांगा. कापसाचा धागा कळतो का, टोचलेलं कळतं का, गरम-गार कळतं का, दोन टोकं एकदम लावली तर दोन आहेत हे किती अंतरावर कळतं. सगळं तारीख घालून लिहून ठेवायचं, महिन्याने पुन्हा. तीन महिने उलटूनही एखाद्या जागी टोचलेलंसुद्धा कळत नसेल, किंवा साध्या स्पर्शाने कळ जात असेल, तर "बघू" यावर थांबू नका. नर्व्ह जोडायच्या मायक्रोसर्जरीचा अनुभव असलेल्या डॉक्टरांचं मत घ्या. जोडायची वेळ आलीच तर ते काम पहिल्या काही महिन्यांत करण्यात अर्थ असतो, वर्षामागून वर्ष गेल्यावर फार हाती लागत नाही.

बी१२बद्दल. मीही लिहून देतो. आपल्याकडे शाकाहारी माणसात ते बरेचदा मुळातच कमी असतं आणि कमी असेल तर भरून काढलंच पाहिजे. पण पातळी चांगली असताना गोळीने नर्व्ह धावत सुटते असं मात्र नाही.


बटवा

कोमट तिळाचं तेल हलक्या हाताने चोळा आणि वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक द्या. आमच्या आत्याचा तोंडाचा वारा (तोंड वाकडं झालं होतं) यानेच गेला.


दंतमंजन

बटवाताई, तेलाला माझी ना नाही, जखमा भरल्या असतील तर हलका हात फिरवा. शेक अजिबात नको. ज्या कातडीला गरम कळत नाही तिला शेक द्यायचा म्हणजे पोळल्याशिवाय थांबणार कोण? चहाचा फोड वर लिहिलाच आहे त्यांनी. बर्फाचंही तेच. आणि तोंडावरचा वारा म्हणजे सातवी, इथे पाचवी आहे.


कोरांटी

दंतमंजन, हे एवढं मला चार महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. नकाशाचं सोमवारीच विचारते. शिट्टी वाजते आहे. (आत्ता वाजवून पाहिली, मांजर पळालं.)

एक राहिलं. गेले आठ-दहा दिवस उजव्या हनुवटीला मुंग्या येतात, आणि उपदाढेखाली बाहेरून बोट आपटलं की ओठात झिणझिणी जाते. हे चांगलं की वाईट?

चकली, तुम्हाला एक सांगते. दाढ काढताना हीच नर्व्ह दुखावलेल्या माणसाला तुम्ही पॉपकॉर्न दाखवला नसता. नर्व्हला काय माहीत ऑपरेशन गरजेचं होतं की हौसेचं?


दंतमंजन

चांगलं. वाढत्या तंतूंवर टिचकी मारली की पुढे झिणझिणी जाते. पहिल्या महायुद्धातले जखमी तपासताना फ्रान्सच्या ज्यूल तिनेल यांनी १९१५ मध्ये हे नोंदवलं. गंमत म्हणजे त्यांनी त्याला फ्रेंचमध्ये नाव दिलं 'फुर्मियमाँ', आणि फुर्मी म्हणजे मुंगी. मराठीत आपण काय म्हणतो? मुंग्या आल्या! विद्यार्थ्यांना शिकवताना मला हे फार उपयोगी पडतं. ही मुंग्यांची हद्द महिन्या-महिन्याने पुढे सरकतेय का तेवढं बघा. डावीकडे अजून काही नाही हेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा.


सोनटक्का

अगं कोरांटी, माझं वय ६१, ठाण्यात असते, आणि हे पहिल्यांदाच कुठेतरी लिहितेय. तीन वर्षांपूर्वी मी फेसलिफ्ट केलं. नातेवाइकांना सांगितलं केरळात पंचकर्माला जातेय. तिकडून परत आल्यावर सगळ्या नणंदा म्हणाल्या, काय तेज आलंय, आम्हालाही पत्ता दे! आता त्यांना काय पत्ता देऊ?

माझे दोन्ही कान गेले. म्हणजे ऐकू येतं, पाळ्या गेल्या. कानामागची आणि जबड्याच्या कोपऱ्याची कातडीसुद्धा. फोन कानाला लावला तर लागलाय की नाही समजायचं नाही, दाबून दाबून धरायची. केस वाळवताना ड्रायर कानाशी किती वेळ धरला ते कळलं नाही आणि पाळी भाजली. उजवा कान आठ महिन्यांत आला. डावा अर्धाच आलाय.

खरं दुःख वेगळंच आहे. पुतण्याच्या लग्नात आईच्या मोत्याच्या कुड्या घातल्या होत्या. फिरकी सैल झाली की पाळीला ओढ लागते आणि आपला हात आपोआप जातो, हो की नाही? मला ओढ लागलीच नाही. हॉलमधून निघताना जावेने विचारलं, डावीकडची कुठेय? मांडव, गाडी, साडीच्या निऱ्या, सगळं पालथं घातलं. नाही मिळाली. एक कुडी कपाटात आहे, डबी उघडवत नाही.

कुणाला सांगणार? हौसेने गेलीस ना, मग भोग, हेच ऐकायचं. त्यामुळे तुझं ते चकलीला दिलेलं उत्तर मी दोनदा वाचलं.


दंतमंजन

सोनटक्काताई, ही पाचवी नाही, मानेतून वर येणारी वेगळी नर्व्ह आहे. कानाच्या भोकाखाली साधारण साडेसहा सेंटिमीटरवर ती मानेच्या मोठ्या स्नायूवरून अगदी वरवरून जाते. फेसलिफ्टमध्ये सगळ्यात जास्त दुखावते ती हीच. अर्धा कान आलाय म्हणजे तुटलेली नसावी. तीन वर्षांनी आणखी फार सुधारेल असं सांगून तुम्हाला खोटी आशा नाही लावणार.


अलगूज

धागा आजच दिसला. बँकेत नोकरी, संध्याकाळी बासरी. व्यावसायिक नाही, पण पंधरा वर्षं गुरूंकडे जातोय. दीड वर्षापूर्वी फक्त हनुवटीचं ऑपरेशन केलं. डॉक्टरांना "मी बासरी वाजवतो" हे सांगितलं होतं, त्यांनी "काही प्रॉब्लेम नाही" म्हटलं. मलाही घाई होती.

बासरी धरता तेव्हा ती खालच्या ओठाच्या खाली, ओठ आणि हनुवटी यांच्या मधल्या खोबणीत टेकते. फुंकायचं भोक कुठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ओठाला कळतं. केसभर वर-खाली झालं तर सूर फाटतो. दोन महिन्यांनी पहिल्यांदा बासरी उचलली तेव्हा लाकडाला लाकूड लागल्यासारखं झालं. फुंकलं तर नुसती हवा. पंधरा वर्षांनंतर नुसती हवा! घरात कुणी नव्हतं म्हणून बरं.

गुरूंकडे जायचं टाळत होतो. शेवटी गेलो. त्यांनी काही विचारलं नाही, समोर आरसा ठेवला आणि म्हणाले, पहिली तीन भोकं बंद कर, सा लाव, बाकी काही वाजवायचं नाही. वीस मिनिटं फक्त सा. आरशात बघून बासरी लावायची, सूर लागला की त्या जागी बोटाने ओठाला हात लावून बघायचं, मग डोळे मिटून पुन्हा. महिनाभर हेच. तार सप्तकाला ओठ आवळावे लागतात, ते तर पाच महिन्यांनी जमायला लागलं. नंतर कळलं की फिजिओवालेही हेच करायला लावतात, फक्त बासरीऐवजी ब्रशने.

आता ओठ जवळजवळ सगळा आलाय. हनुवटीच्या मध्यावर एक पट्टा आहे जो अजून रबरी वाटतो. पण खरं सांगायचं तर आता मी ओठावर कमी आणि कानावर जास्त वाजवतो. गुरू म्हणतात सूर आधीपेक्षा बरा लागतो. ते माझं मन राखतात की खरं सांगतात, त्यांनाच ठाऊक.


दंतमंजन

अलगूज, तुमच्या गुरूंना नमस्कार. याला संवेदनेचं प्रशिक्षण म्हणतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जबड्याच्या ऑपरेशननंतरच्या रुग्णांवर याचा अभ्यास झालाय, आणि हे व्यायाम करणाऱ्यांना बदललेल्या संवेदनेचा जाच कमी जाणवला. तंतू लवकर वाढतो असं नव्हे. जुळलेले तंतू जुन्याच जागी जातील असं नसतं, त्यामुळे मेंदूला येणारे निरोप घोळाचे असतात. तो घोळ निस्तरायला डोळ्यांची मदत लागते.

कोरांटीताई, मेकअपचा मऊ ब्रश घ्या. आरशासमोर ओठाखाली डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली, मग गोल फिरवा. आधी बघत बघत, मग डोळे मिटून, मग पुन्हा बघून. दिवसातून तीन-चार वेळा, पाच मिनिटं पुरे. कंटाळवाणं आहे, तरी करा.


धुकं

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. दहा दिवसांपूर्वी जबड्याच्या कडेची चरबी काढून घेतली. बधिर काही नाही, पण हसलं की खालचा ओठ एकाच बाजूने खाली जातो. हेही आपोआप येतं का?


दंतमंजन

धुकं, इथे वाट बघू नका. हलवणाऱ्या सातवीच्या फांदीचा हा प्रश्न आहे, ती तिथूनच जाते. बहुतेक वेळा दबलेली किंवा सुजेत अडकलेली असते आणि परत येते, पण ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना आज-उद्याच दाखवा. त्यांनी पहिल्या दिवसांत बघून नोंद करणं फार महत्त्वाचं आहे.


धुकं

जाऊन आले. सूज आहे म्हणाले, दर आठवड्याला बोलावलंय. धन्यवाद.


कोरांटी

धागा वर काढतेय. नऊ महिने झाले.

नकाशा काढला. उजवीकडे टोचणं, गरम-गार सगळं कळतं. डावीकडे सहाव्या महिन्यापर्यंत काही नव्हतं म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. त्यांनी टाचणी लावून बघितली, ओठाच्या कोपऱ्याशी अंधुकसं कळलं. म्हणाले, येतेय, अजून दोन महिने थांबू, दर महिन्याला मोजू. थांबले.

आणि मग जे आलं त्याची कुणी कल्पना दिली नव्हती. बधिर होतं ते बरं होतं असं म्हणायची पाळी. डावीकडे ओढणी लागली की आग. स्कूटरवर वारा लागला की हनुवटीत करंट. उशीच्या अभ्र्याला गाल टेकवता येईना. आठवडाभर उताणी झोपले. डॉक्टरांनी प्रिगॅबलिन (नर्व्हच्या दुखण्यावरचं औषध) दिलं, त्याने आग कमी झाली पण दिवसभर पेंग. ऑफिसच्या मीटिंगमध्ये एकदा चक्क घोरले म्हणे. तीन आठवड्यांनी ते सगळं ओसरत गेलं.

ब्रश करतेय. पहिल्या दिवशी डोळे मिटून ब्रश डावीकडे फिरवला आणि वाटलं हिरडीवर फिरतोय. बघितलं तर हनुवटीवर! आता बरंच जुळलंय, तरी हनुवटी खाजवली की कधीकधी ओठाची खाज जाते. ओठाची खाज मात्र ओठ खाजवून जात नाही. कुठे खाजवायचं ते शोधत बसते.

आणखी एक. रविवारी जेवायला बसले, नेहमीसारखा फोन पेल्याला टेकवायला गेले तर ताटाशेजारी आधीच छोटा आरसा ठेवलेला. हळदीकुंकवाच्या तबकातला. आईने ठेवलेला. तेव्हाही काही बोलली नाही. कढी वाढली आणि म्हणाली, निवली आहे, पी.


सोनटक्का

कढी निवलेली होती ना, बास. त्यात सगळं आलं गं.


खवट_चकली

पॉपकॉर्न मागे घेतो. आमच्या धाकट्या भावाची अक्कलदाढ काढली दोन महिन्यांपूर्वी. त्याचाही ओठ तसाच आहे. कुठे दाखवायचं ते विचारायला आलो होतो. इथेच विचारू की नवा धागा काढू?


दंतमंजन

इथेच विचारा. आधी ज्यांनी दाढ काढली त्यांच्याकडे जाऊन दाढ काढल्यावरचा एक्स-रे घ्या, तीच नर्व्ह मुळांना अगदी लागून जाते. दोन महिने झालेत, म्हणजे नकाशा काढायची वेळ झालीच आहे. जीभ पण बधिर आहे का?


खवट_चकली

नाही, फक्त ओठ. उद्या घेऊन जातो. आभारी.


शेंडा_आणि_राग

तळून तयार चकली मऊ पडलेली प्रथमच पाहिली. :)


कोरांटी

शेवटची खबर, चौदा महिने.

उजवी बाजू पूर्ण. डावीकडे ओठाखाली रुपयाच्या नाण्याएवढा भाग राहिलाय. तिथे टोचलेलं कळतं, गरम कळतं, पण हलका स्पर्श पुसट, कागदाच्या पलीकडून कुणी हात लावावा तसा. दोन्ही डॉक्टरांचं मत पडलं की आता कापाकापी करण्यासारखं काही नाही, जे आहे ते एवढंच राहील किंवा सावकाश आणखी थोडं येईल. चहा फुंकून पिते. कॅमेरा लावत नाही. आरसा पुन्हा तबकात गेलाय.

दोघातिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं की पुन्हा करशील का. मला याचं उत्तर देता येत नाही. मंगळवारी एक म्हणते, गुरुवारी दुसरंच. पण करायच्या आधी ती एक ओळ वाचून मी सही केली, तेव्हा कुणीतरी समोर बसून भूल देऊन एक वाटी वरण खायला लावायला हवं होतं. मग केली असती तर समजून केली असती.

पाडव्याला मावसभावाने जेवताना फोटो काढला, बाजूने. मला न सांगता. मी तो ठेवलाय. मोठा करून बघितला तर हनुवटीला श्रीखंड लागलेलं आहे.


दंतमंजन

डावीकडे?


कोरांटी

डावीकडे.